दमट हवेत चिलखत ठोकत नाहीत

गुनसानच्या बंदरापासून दोन गल्ल्या आत तक चुनओक हिचं कपडे धुण्याचं दुकान आहे. छताला टांगलेले कोट, वाफेची इस्त्री, आणि काउंटरमागे दोऱ्यांच्या रिळांशेजारी एक संगणक. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, त्यात कपड्यांच्या नोंदी असतील. कपड्यांच्या नोंदी चुनओकच्या डोक्यात असतात. संगणकावर ती लोहारकाम करते.

हे लोहारकाम 'नऊ शिखरं' नावाच्या खेळातलं. खेळ वीस वर्षांहून जुना आहे. ज्यांनी तो विशीत धरला, ते आता चष्म्याशिवाय स्वतःच्या तलवारीचं नाव वाचू शकत नाहीत. या खेळात चिलखत नुसतं मिळवून भागत नाही, ते ठोकून पक्कं करावं लागतं. दुसऱ्या शिखराच्या पायथ्याशी एक मुका लोहार बसलेला असतो. त्याच्या ऐरणीवर चिलखत ठेवायचं, शेजारी खनिजाचा खडा ठेवायचा आणि घण घालायचा. घाव बसला तर चिलखताचा आकडा एकाने वाढतो. चारपर्यंत धोका नाही. चारच्या पुढे घाव चुकला की चिलखताचा भुगा. मग ते मिळवायला दोन उन्हाळे घालवलेले असोत की दोन तास.

खेळात आणखी एक सोय आहे. आपलं चिलखत दुसऱ्याच्या हाती सोपवून घण त्याच्याकडून घालून घेता येतो. 'पश्चिम बंदर' नावाच्या साठेक जणांच्या गटात गेली अठरा वर्षं हे काम चुनओककडे आहे. तिला सगळे लोहारमावशी म्हणतात. तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले गटप्रमुखसुद्धा मावशीच म्हणतात.

अठरा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला सहा आठवडे उभं राहायला बंदी केली होती. आई बसून राहावी म्हणून मुलीने हा खेळ लावून दिला. मुलगी आता सुवनला असते आणि खेळाचं नाव काढत नाही. आई अजून बसलेली आहे.

बसल्या बसल्या चुनओकने एक शास्त्र उभं केलं. त्याचा पाया कपडे धुण्यात होता, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं आणि येण्याची गरजही वाटली नव्हती. अस्वलाच्या कातड्याचं चिलखत दमट हवेत ठोकायचं नाही, कारण ओलं चामडं घाव धरत नाही. डोहातल्या अजगराच्या खवल्यांचं चिलखत आणल्याबरोबर ठोकायचं नाही. एक रात्र पेटीत ठेवायचं, ताज्या खवल्यांना वळण नसतं. तुतीच्या कागदाचे तीस थर चिकटवून केलेलं कागदी चिलखत मात्र तिचं लाडकं. खळ नीट बसली की कागद लोखंडाला ऐकत नाही, असं ती म्हणते. चांदण्या लोखंडावर तिचा विश्वास नाही. ज्याला वास नाही त्या धातूचं काय सांगावं? पडद्यावर कशालाच वास येत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आणि कुठलंही चांगलं चिलखत ऐरणीवर ठेवण्याआधी तीन टाकाऊ टोप्या ठोकून फोडायच्या. मुक्याचं पोट भरलं म्हणजे तो चिलखत खात नाही.

तिच्या शास्त्राला एक सरकारी शिक्काही होता, निदान तिच्या मते. खेळात अस्वलाच्या चिलखताखाली एक ओळ येत असे: बर्फाच्या पाण्यात सात वेळा धुतलेलं. तिने ती वाचली आणि चक्क कंपनीला पत्र लिहिलं, की चामडं सात वेळा धुतलंत तर त्याचा पापड होईल, त्याला तेल लावा. कंपनीकडून 'आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत' असं सगळ्यांना जातं तेच उत्तर आलं. पुढच्या वर्षी ओळ बदलली: पेरिलाच्या बियांच्या तेलात मुरवलेलं. कुणी बदलली, का बदलली, कुणाला ठाऊक नाही. चुनओकला ठाऊक आहे. ते पत्राचं उत्तर तिने इस्त्रीच्या वर चिकटवून ठेवलंय आणि वाफेने त्याची अक्षरं केव्हाच पुसली आहेत.

गेल्या मार्चमधल्या एका सकाळी बांग हेसोक आपला सूट न्यायला दुकानात आला. हा इक्सानच्या शाळेत गणित शिकवतो आणि गटात भालेकरी आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात. बाहेर समुद्राकडून धुकं आलं होतं, काचेवरून पाणी ओघळत होतं.

"मावशी, माझं अस्वलाचं कातडं कालपासून तुमच्याकडे आहे," मास्तर म्हणाला. "सहाचं सात करायचं होतं."

"हवा बघितलीस?"

"हवेचं काय?"

"पाणी सुटलंय. आज चामडं नाही."

"मावशी, धुकं गुनसानला आहे. अस्वल सातव्या शिखरावर आहे."

"अस्वल कुठं का असेना, हात माझा गुनसानला आहे."

मास्तरने इस्त्री करत असलेल्या संगदलकडे पाहिलं. संगदल म्हणजे चुनओकचा नवरा. तो खेळत नाही, पण चौतीस वर्षांच्या संसारात त्याला केव्हा बोलू नये हे उत्तम समजलेलं आहे. त्याने पाहिलं आणि पुन्हा पॅंटच्या घडीकडे वळला.

"मग माझं मला परत द्या," मास्तर म्हणाला.

"घे. सूटही घे. पावसाळी हवेत तोही नको होता खरं तर, पण तुझ्याकडे लग्न आहे म्हणालास."

तिने एक पिवळी चिठ्ठी घेतली, दुकानात कपड्यांना टाचतात त्यातली, आणि लिहिलं: मास्तर, अस्वल, सहा, धुकं, परत. ही तिची सवय. हाती आलेल्या प्रत्येक चिलखताची ती एक चिठ्ठी लिहिते. ठोकलेली चिठ्ठी एका बिस्किटांच्या डब्यात जाते, न ठोकता परत पाठवलेली दुसऱ्या. दुसरा डबा कशासाठी, असं संगदलने एकदा विचारलं होतं. "परत गेलेले कपडे तुम्ही लिहून ठेवत नाही का?" असं उलट उत्तर मिळालं. तो लिहून ठेवत नाही, पण हे त्याने तेव्हा कबूल केलं नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी नवा कायदा लागू झाला. ज्या खेळात नशिबाचा भाग आहे, त्या खेळाच्या कंपनीने ते नशीब शेकडा किती, हे उघड करायचं. 'नऊ शिखरं'च्या कंपनीनेही एक तक्ता लावला. चिलखत पाचाचं सहा होण्याची शक्यता शेकडा पस्तीस. सहाचं सात, शेकडा वीस. सातचं आठ, नऊ. आठाचं नऊ, तीन. तळाशी एक ओळ होती: या शक्यतेवर चिलखताचा प्रकार, वेळ, जागा किंवा आधीच्या घावांचा कोणताही परिणाम होत नाही.

ही तळाची ओळ मास्तरने गटाच्या गप्पांमध्ये टाकली. सोबत काही लिहिलं नाही. गणिताच्या माणसाचा सूड एवढाच असतो.

 कुणीतरी विचारलं, "म्हणजे टोप्यांचं काय?" दुसऱ्याने लिहिलं, "मी आतापर्यंत बाराशे टोप्या फोडल्यात." मग लोक एकेक करून निघून गेले.

चुनओकने ते सगळं वाचलं, संगणक बंद केला आणि एका शर्टाची कॉलर हातात घेतली.

"आज कॉलरवर राग दिसतोय," संगदल म्हणाला.

"डाग आहे."

"तो शर्टाचा रंग आहे."

पुढचे तीन आठवडे तिच्याकडे एकही चिलखत आलं नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. लोक अजून नमस्कार करत, गुडघ्याची चौकशी करत. फक्त चिलखत द्यायचं झालं की त्यांना काहीतरी काम आठवायचं. मुक्याच्या ऐरणीसमोर आता रांग असे आणि जो तो आपल्या हाताने घण घालत होता. चुनओकची खेळातली बाई शेजारच्या बाकावर बसून ते पाहत असे. अठरा वर्षं तो बाक तिच्यासाठी रिकामा ठेवला जात होता. आताही त्यावर दुसरं कुणी बसत नव्हतं, पण हा आदर की टाळाटाळ, हे तिला ठरवता येईना.

तरी तिचा धीर एका गोष्टीवर टिकून होता, आणि ती गोष्ट म्हणजे गटप्रमुख हो यंगपिल यांचं कासव.

यंगपिल गुनसान-जोंजू मार्गावर एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. त्यांच्याकडे कासवराजाच्या पाठीचं चिलखत आहे, आकडा आठ. गटात तसं दुसरं नाही. ते मिळवायला अकरा माणसं दोन उन्हाळे खपली आणि ते आठपर्यंत चुनओकच्याच हाताने गेलं. नवव्या घावाचा शब्द त्यांनी तिला चार वर्षांपूर्वी दिलेला आहे. या चार वर्षांत ते नऊ वेळा चिलखत घेऊन आले. एकदा धुकं होतं. एकदा चीनकडून पिवळी धूळ आली होती. दोनदा हिवाळा होता आणि कासव हिवाळ्यात झोपतं. प्रत्येक वेळी चुनओकने परत पाठवलं, प्रत्येक वेळी ते कुरकुरत घेऊन गेले. तिचं म्हणणं एवढंच होतं, की बाकीचे गेले तर गेले, कासव माझ्याकडे आलं तर मी अजून लोहार आहे. हे ती फक्त संगदलला बोलली होती, तेही दिवा बंद करताना.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यंगपिल हिवाळी कोट घेऊन दुकानात आले.

"बाहीवर मासळीच्या रश्शाचा डाग आहे," ते म्हणाले.

"दिसतोय."

"जाईल ना?"

"जाईल."

"आणि अस्तर उसवलंय."

"शिवते."

एवढं बोलून ते छताकडे, मग घड्याळाकडे, मग संगदलकडे बघत राहिले. कासवाचा विषय निघाला नाही. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "बटणंही एकदा बघून घ्या," आणि गेले. बटणं पक्की होती. चुनओकने सगळी ओढून पाहिली.

त्याच दुपारी मास्तर आला. या खेपेला त्याच्याकडे धुवायला काही नव्हतं.

"मावशी, तुमच्या चिठ्ठ्या मला चार दिवस द्याल?"

"कशाला? वर्गात वाचून दाखवायला?"

"मोजायच्या आहेत."

"तक्ता आहे की तुझ्याकडे."

"तक्ता कंपनीचा आहे. खरा आहे का, बघायला नको?"

तिने थोडा विचार केला आणि दोन्ही डबे काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने एकच मागितला होता. "डबे दोन आहेत. मोजायचं तर नीट मोज," ती म्हणाली.

मास्तर पाचव्या दिवशी परतला. डोळे लाल, डबे दोरीने बांधलेले. संगदलने त्याच्यासमोर भाजलेल्या जवाचा चहा ठेवला.

"सातचं आठ करायला तुम्ही चारशे बारा घाव घातलेत," मास्तर म्हणाला. "सदतीस लागले. कंपनी म्हणते शेकडा नऊ. तुमचे आठ पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

संगदलने इस्त्री खाली ठेवली. "म्हणजे अठरा वर्षं ऊन बघून, वारा बघून, टोप्या फोडून, ही बरोबर आंधळ्या माणसाइतकी निघाली."

"जवळजवळ," मास्तर म्हणाला.

"म्हणजे तक्ता बरोबर आहे," चुनओक म्हणाली. तिच्या आवाजात पराभव असा नव्हता. एवढी मोठी कंपनी तिच्याशी दोन शतांशाच्या फरकाने सहमत होती, असा काहीसा सूर होता.

"थांबा, दुसरा डबाही मोजलाय," मास्तर म्हणाला. "तुम्ही दोनशे सहा वेळा चिलखत परत पाठवलंत. ज्यांचे मालक अजून गटात आहेत, ती चिलखतं मी एकेक बघितली. एकाहत्तर शाबूत आहेत. लोकांच्या अंगावर आहेत. परत ऐरणीवर आलीच नाहीत."

"ओली होती ना."

"नव्हती ओली, मावशी. तुम्ही नाही म्हणालात, माणूस घरी गेला, जेवला, झोपला आणि सकाळी त्याला घण घालावासा वाटला नाही. एवढंच झालं." त्याने खिशातून एक कागद काढला. "आणि हे तक्ता लागल्यापासूनचं. तीन आठवडे. कुणी कुणाला नाही म्हटलेलं नाही. एकोणीस भुगा."

"एकोणीस?" संगदलने विचारलं.

"विसावं माझं अस्वल," मास्तर म्हणाला आणि चहा प्यायला.

चुनओकने डब्यांची दोरी सोडली आणि झाकणं नीट बसवली. "कुठली हवा होती?"

"मावशी..."

"विचारते नुसतं."

मास्तरने खिडकीबाहेर पाहिलं. "रिमझिम होती," तो म्हणाला.

त्याने आपले आकडे त्या संध्याकाळी गटात टाकले, या खेपेलाही पुढेमागे काही न लिहिता. चारशे बारा, सदतीस. दोनशे सहा, एकाहत्तर. एकोणीस. आपलं अस्वल त्यात धरलं नाही. लोकांनी वाचलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी गटातल्या कुणीतरी लिहिलं: प्रमुख मुक्यासमोर उभे आहेत. हातात खडा आहे.

चुनओकने कोटाचं अस्तर तसंच ठेवून पडद्याकडे पाहिलं. यंगपिल यांचा दाढीवाला योद्धा ऐरणीसमोर उभा होता. कासव त्याच्या अंगावर नव्हतं, म्हणजे हातात होतं. तिची बाई चार पावलांवर बाकावर बसलेली होती. एक शब्द लिहिला असता तर त्यांना दिसला असता. तिने लिहिला नाही. नाही म्हणायचं तर आधी कुणी विचारावं लागतं.

"बोल की काहीतरी," संगदल मागून म्हणाला.

"मला विचारलंय का कुणी?"

"हवा तरी सांग."

"खिडकी त्यांच्याही घराला आहे."

पंचवीस मिनिटं योद्धा तसाच उभा होता. रांगेतल्या दोघांनी त्याला वळसा घालून आपली चिलखतं ठोकली. एक लागलं, एक गेलं. मग योद्ध्याने पाठ फिरवली आणि तो डोंगर उतरून दिसेनासा झाला. चुनओकने अस्तराला टाका घातला. तो चुकला, तिने उसवून पुन्हा घातला.

सकाळी दहा वाजता दुकानाची घंटी वाजली. यंगपिल आत आले. बाहेर कोरडं, स्वच्छ ऊन होतं. धूळ नाही, धुकं नाही, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले मासे दोऱ्यांवर खडखडीत झाले होते.

"कोट तयार आहे," चुनओक म्हणाली.

"कोट राहू द्या. मी वरून आलोय." वरच्या मजल्यावर तासावर संगणक मिळतात. दुखऱ्या गुडघ्यांनी ते एक जिना उतरले होते आणि धापा टाकत होते. "बघा तुमच्या पेटीत."

तिने पडद्यावर पाहिलं. पेटीत कासव होतं. बाजूला खडा.

"काल म्हटलं, मीच घालावा घण," यंगपिल खुर्चीत बसत म्हणाले. "तीन तर तीन. तक्त्यात सगळ्यांना तेवढेच. पण मावशी, माझ्या हातून गेलं तर मी कुणावर चिडू? बायकोवर चिडता येत नाही, ती खेळत नाही. तुमच्या हातून गेलं तर निदान हवेचं नाव घेता येईल."

"म्हणजे मी बोल लावायला."

"त्याशिवाय लोहार कशाला असतो?"

संगदल खोकला. चुनओकने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने तीन टोप्या काढल्या आणि एकामागून एक फोडल्या. यंगपिल पुढे सरकून बसले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले होते. बस चालवताना समोर बैल आला तरी या माणसाचे हात हलत नसत, असं जोंजूचे लोक सांगतात.

तिने कासव ऐरणीवर ठेवलं. खडा ठेवला. मग खुर्चीवरून उठली, दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. तिने हात पसरून ऊन तळव्यावर घेतलं, वाळत घातलेल्या माशांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. आत यंगपिल यांनी डोळे मिटून घेतले होते.

ती परत येऊन बसली.

"ऊन फार कोरडं आहे," ती म्हणाली. "पाठ तडकेल."

यंगपिल यांनी डोळे उघडले. खांदे दोन बोटं खाली आले. "तडकेल?"

"कासव पाण्यातलं. अशा उन्हात घण घातला तर उभी भेग जाते. मी तर नाही घालणार."

"मी मुद्दाम चांगला दिवस बघून आलो होतो," ते म्हणाले. कुरकुर नेहमीचीच होती, पण ती करता करता ते उठलेही होते. "मग केव्हा?"

"पावसाळ्यात तर नाहीच. पुढे बघू."

"पुढे म्हणजे चुसोकचा सण झाल्यावर?"

"चुसोकनंतर थंडी पडते. थंडीत ते झोपतं."

"हो, तेही आहे," यंगपिल म्हणाले. त्यांनी कोट उचलला, बटणं न तपासता खांद्यावर टाकला आणि आपलं कासव परत घ्यायला जिना चढले. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत गेलेला खालून ऐकू आला.

चुनओकने पिवळी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: प्रमुख, कासव, आठ, कोरडं ऊन, परत. चिठ्ठी दुसऱ्या डब्यात गेली. पेटीकडे नजर टाकली तर तिथे आणखी दोन चिलखतं येऊन पडली होती. एक कागदी, एक खवल्यांचं. खवल्यांच्या मालकाने सोबत लिहिलं होतं: मावशी, घाई नाही.

संगदलने इस्त्रीतली वाफ सोडली आणि बोटांवर मोजायला लागला. "धुकं झालं. धूळ झाली. थंडी झाली. पाऊस झाला. आता ऊनही झालं. पुढच्या वेळी काय सांगणार आहेस?"

"वारा आहे की," चुनओक म्हणाली. "वाऱ्याचं मी अजून काढलेलंच नाही."